आंदणातला टीव्ही

आधीच सांगून ठेवते, माझ्या नाकावर राग असतो. लहानपणापासून आहे, आणि तो कमी व्हावा असं मला कधी वाटलंही नाही. माझा नवरा धानाची शेती करणारा शांत माणूस. तो पाहुण्यांना सांगतो, "हिच्यासंगं बोलाचं असल तं आधी पंखा चालू करून घ्या." पण या रागापायीच मी आमच्या घरात पस्तीसेक वर्षं मेलेला म्हणून उभा असलेला टीव्ही सुरू केला, आणि ही गोष्ट मी येता-जाता कोणालाही सांगते. ऐकणाऱ्याला वेळ नसला तरी सांगते.

टीव्ही माझ्या आंदणातला. माझं माहेर आंबागडचं, किल्ल्याच्या पायथ्याशी. बाप जंगलाच्या कामावर जायचा आणि माय घरी बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू, आणि तिची बोटं सारखी चालू. आमच्याशी बोलताना, भांडताना, चुलीवरचं वरण उतू जाताना पाहतानासुद्धा चालू. त्या बिड्यांच्या पैशातून तिनं माझ्या लग्नात टीव्ही दिला. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी पेटीचा, पुढे दोन्ही बाजूंना सरकणारी शटरं, खाली चार पाय. तुमसरच्या एका दुकानात ती स्वतः गेली, सगळे टीव्ही लावून पाहिले आणि त्यातला हा निवडला. बापाला तिनं नुसतं उचलायला सोबत नेलं होतं.

लग्न उन्हाळ्यात झालं. लाखनीजवळच्या माझ्या सासरच्या गावी हा टीव्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, गोधड्यांत गुंडाळून आला. बांबूवर अँटेना चढला. तो पावसाळाभर आमच्या समोरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. मी नवी सून, पण शटर उघडायचा मान माझा होता. मग दसरा झाला आणि त्याच आठवड्यात टीव्ही बसला. चित्र नाही, आवाज नाही. लाखनीहून मेकॅनिक आला. त्यानं मागून टॉर्च मारली, पेटीवर दोन थापा मारल्या, "पिक्चर ट्यूब गेली" म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला.

त्या दिवसापासून माझ्या सासूला, म्हणजे आत्याबाईंना, एक वाक्य सापडलं. "आंदणात देल्ला, अन् मेलेलाच देल्ला." घरी कोणीही आलं की हे वाक्य. धान विकत घेणारा व्यापारी असो की लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाव्हणा असो. मी भांडले, भरपूर भांडले. पण टीव्ही चांगला होता हे सिद्ध कसं करणार? बंद टीव्ही समोर उभा होता ना! माझ्या मुलाच्या बारशाला माय आली होती, तेव्हा भरल्या खोलीत आत्याबाईंनी तेच वाक्य टाकलं. माय उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली.

तेव्हापासून ती आमच्या समोरच्या खोलीत बसलीच नाही. ती यायची. माझ्या बाळंतपणांना आली, मुलांच्या लग्नांना आली, दर वर्षी दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला आली. पण मागच्या दारानं यायची, चुलीपाशी बसायची, तिथंच जेवायची आणि तिथूनच परत जायची. मला एकदा म्हणाली, "दुकानदारानं मले फसवलं वो बाई. बिड्या वळणारी बाई पाहून खराब माल देल्ला." मी तिला पुष्कळ समजावलं. तिला पटलं नाही. आपण लेकीला खोटा माल दिला, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. मला याचा जितका राग आला तितका दुसऱ्या कशाचा आला नाही.

वर्षं गेली. मी शिलाई मशीन चालवता चालवता ती सुधारायला शिकले. मग टेबल फॅन, मग मिक्सर, मग हाताला सोल्डरिंगची सवय झाली. आता आमच्या गावातलाच नाही, शेजारच्या गावचाही मिक्सर बिघडला की माझ्याकडे येतो. टीव्ही मात्र मी कधी उघडला नव्हता. आधी घरात कलर टीव्ही आला आणि या लाकडी पेटीवर बसला. मग भिंतीवरचा चपटा टीव्ही आला आणि पेटीवर फुलदाणी बसली. उघडायचं कारणच उरलं नव्हतं.

कारण दिलं आत्याबाईंनीच. मागच्या पावसाळ्यात, धानाचं रोवणं आटोपल्यावर, भंगारवाला दारात आला. आत्याबाई आता ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, आल्या आणि त्याला म्हणाल्या, "थो टीव्ही घेऊन जा बापा. मेलेलं आंदण आहे, जागा अडवून राहिलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आतून ओरडत आले, "हात लावशील तं पाह!" तो बिचारा सायकलवर टांग टाकून जे पळाला ते अजून आमच्या गल्लीत आला नाही. मग मी आत्याबाईंकडे वळले. "आत्याबाई, मंडईच्या आधी हा टीव्ही चालू नाही केला तं माहं नाव बदलून ठेवा. अन् चालू झाला तं माह्या मायले समोरच्या खोलीत, याच्यापुढं बसवीन."

"करून पाह," त्या म्हणाल्या आणि सुपारी कातरत बसल्या.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दुकानं लागतात, रात्री दंडारीचा खेळ होतो, सगळे सोयरे येतात. मायही येणारच होती. म्हणजे माझ्याकडे धान कापणीला येईपर्यंतचा वेळ होता. नवरा म्हणाला, "काहून डोक्याले ताप करून घेऊन राहिली? ट्यूबच गेली असल तं काय करशील?" पण बोलता बोलता त्यानंच टीव्ही उचलून सपरीत आणून ठेवला.

मी पेचकसानं स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं. आत धूळ असेल, कोळिष्टकं असतील, उंदराचं घरटं असेल, हे मला माहीत होतं. ते सगळं होतंच. पण त्याखाली तांदूळ होते. मुठी भरून तांदूळ. आधी वाटलं उंदरानं आणून साठवले. मग एक दाणा उचलून उजेडात धरला. लाल होता. कुंकवाचा.

मी वर पाहिलं. लाकडी पेटीच्या माथ्यावर, मागच्या बाजूला, हवा खेळायला भेगा ठेवलेल्या होत्या. आणि मग मला एकदम सगळं समजलं. आमच्या घरी दसऱ्याला सगळ्या अवजारांची पूजा होते. नांगर, विळे, माझी शिलाई मशीन, ट्रॅक्टर. आत्याबाई प्रत्येकाला हळदीकुंकू वाहतात, फुलानं पाणी शिंपडतात आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता टाकतात. त्या पहिल्या दसऱ्याला टीव्ही नवा, घरातला सगळ्यात मोठा मानकरी. त्याच्यावर पाणी जास्त, अक्षता जास्त. ते सगळं भेगांतून थेट सर्किटवर. आणि त्याच आठवड्यात टीव्ही बसला होता!

मी सपरीत बसून मोठ्यानं हसले. मग एवढी रागावले की हातातला पेचकस अंगणात फेकला. इतकी वर्षं माझ्या मायनं ज्या गोष्टीसाठी मान खाली घातली, ती गोष्ट या घराच्या पूजेच्या ताटातून सांडली होती.

लगेच जाऊन आत्याबाईंच्या पुढ्यात ते तांदूळ ओतावेत असं फार वाटलं. पण थांबले. त्या काय म्हणाल्या असत्या ते मला पाठ होतं. "तांदळाच्या दाण्यानं कुठं टीव्ही मरते?" आणि मेकॅनिकनं ट्यूब गेली असं सांगितलं होतं. ट्यूब खरंच गेलेली निघाली तर खोट मालातच होती, मायचं म्हणणंच खरं. ट्यूब जिवंत निघाली तर मायचं म्हणणं चुकीचं आणि मायचा टीव्ही खरा. सगळं त्या एका काचेच्या नळकांड्यावर आलं होतं.

मी तांदूळ वाटीत काढून ठेवले. काढताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. खालचे दाणे काळे पडलेले, बोर्डाला चिकटलेले. त्यावरचे जुनाट. अगदी वरचे मात्र चांगले टपोरे, मागच्याच दसऱ्याचे. मी नवऱ्याला विचारलं, "बंद टीव्हीचीही पूजा करत होत्या का?"

"एकही दसरा सोडला नाही तिनं," तो म्हणाला. "म्हणे, लक्षुमीसंगं आलेली वस्तू आहे, बंद असली तं का झालं."

तोंडानं मेलेला म्हणायच्या आणि हातानं पूजा करायच्या! अशा बाईला काय म्हणावं, मला कळेना. थोडी नरमले मी, खोटं कशाला बोलू. पण फार नाही.

मग काम सुरू झालं. ब्रश आणि थिनर घेऊन मी एकेक इंच पुसला. कुंकवाच्या ओलीनं तांब्याच्या रेषा हिरव्या पडून तुटल्या होत्या, त्या तारेनं जोडल्या. उंदरानं कुरतडलेल्या वायरी बदलल्या. फ्यूज तर गेलाच होता. थेट वीज द्यायची माझी छाती झाली नाही, म्हणून मध्ये सिरीजचा बल्ब लावला. आत कुठं शॉर्ट असला की बल्ब पूर्ण पेटतो आणि टीव्ही जळण्यापासून वाचतो. बटण दाबलं तर बल्ब असा भक्कन पेटला की सपरी उजळली. म्हणजे शॉर्ट. कितीतरी दुपारी त्यातच गेल्या. शेवटी एक जाडा ट्रान्झिस्टर चोर निघाला. तो बदलला, बल्ब मंद झाला, आणि पिक्चर ट्यूबच्या मानेत फिलामेंटची नारिंगी ठिणगी दिसली. ती तशीच तेवत राहिली.

"पेटली!" मी ओरडले. नवरा बांधावरून धावत आला, त्याला वाटलं घरच पेटलं.

पण पडदा काळाच. पडद्याला हजारो व्होल्ट देणारा एक ट्रान्सफॉर्मर असतो, मेकॅनिक लोक त्याला ईएचटी म्हणतात. तो जळून फुटला होता. आता असला माल कोणाकडे असणार? चौकशी करता करता साकोलीचा एक माणूस समजला. पूर्वी टीव्ही सुधारायचा, आता बस स्टँडच्या रस्त्यावर मोबाईलची कव्हरं आणि चार्जर विकतो. मी एसटीनं गेले.

त्यानं माझं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "ताई, इतक्या वर्साचा टीव्ही म्हणजे मयत. मयताले इंजेक्शन देऊन काय होते?"

"मयत असल तं तेरवी मी करीन," मी म्हटलं. "तुम्ही ईएचटी द्या."

"नुसता फिलामेंट पेटला म्हणजे ट्यूब जित्ती आहे असं नाही होत. मी हजारो टीव्ही उघडले ताई."

"उघडले असतील जी. चालू किती झाले?"

तो असा खो खो हसला की बाजूचा पानठेलेवाला डोकावला. मग त्यानं मागून गंजलेला पिंप ओढला, त्यात हात घालून बरीच खुडबुड केली आणि एक ईएचटी काढला. दुसऱ्याच कुठल्या सेटचा होता, पाय जुळत नव्हते. कोणता पाय कुठे जोडायचा ते त्यानं मला बोटानं दाखवलं आणि बजावलं, "चालू सेटमंधी काम कराल तं एक हात पाठीमागं ठेवाचा. दोन्ही हात आत घातले तं टीव्हीच्या आधी तुमची तेरवी होईल." निघताना म्हणाला, "ट्यूब गेलेलीच आहे, मी लिहून देतो. पण चालू झाला तं पहिला फोन मले करा."

घरी येऊन ईएचटी बसवला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक हात पाठीमागे धरून बटण दाबलं. आत किर्रर्र झालं. जळक्या धुळीचा वास आला. हात पडद्याजवळ नेला तर हातावरचे केस उभे राहिले. आणि काळ्या पडद्याच्या मधोमध, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एक पांढरीशुभ्र आडवी रेघ आली.

नुसती रेघ. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, अजून बिघडलेलाच आहे. पण रेघ आली म्हणजे ट्यूब जिवंत होती. पहिल्या दिवसापासून जिवंत होती. मेकॅनिकनं टॉर्च मारून जे सांगितलं ते खोटं, आणि त्यावर जे जे बोललं गेलं ते सगळं खोटं. मी तिथंच मटकन बसले आणि रडले. नवरा बाजूला येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "आता पंखा लावू का?" मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

साकोलीला फोन केला. तिकडून आवाज आला, "का सांगता!" मग म्हणाला, "ताई, फुगलेले कंडेन्सर बदला, रेघ उघडंल."

तेवढ्यात दसरा आला. आत्याबाई पूजेचं ताट घेऊन सपरीत आल्या. मी टीव्हीच्या आडवी उभी राहिले. "थांबा, आत्याबाई." मी बटण दाबलं. रेघ आली. मग वाटी त्यांच्यापुढे धरली. "हे आतमधून निघालं. ट्यूब चांगली आहे. माह्या मायचा टीव्ही चांगला होता. पाणी अन् अक्षता आत गेल्या, म्हणून बसला."

त्यांनी वाटीत बोटं घातली. एक दाणा चोळून पाहिला. "हे माह्या हातचं व्हय?" एवढंच विचारलं. मी होय म्हटलं. त्यांनी ताट जमिनीवर, टीव्हीपासून हातभर दूर ठेवलं, तिथंच अक्षता वाहिल्या, नमस्कार केला आणि आत निघून गेल्या.

बस. एक शब्द नाही. मला वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल. उलट मी दिवाळीपर्यंत धुमसत होते. अख्ख्या गावाला ऐकवून जे बोललं, ते परत घ्यायला एक वाक्य निघत नाही का तोंडातून? नवरा म्हणाला, "माह्या मायचं तोंड आहे थे. तुह्यासारखंच आहे, लवकर वाकत नाही." मी त्याच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

कंडेन्सर बदलले आणि रेघ खरंच उघडली. पूर्ण पडदा उजळला, त्यात मुंग्याच मुंग्या. आता चित्र आणायचं कुठून? अँटेनावर येणारं प्रसारण कधीच बंद झालेलं, आणि या टीव्हीला अँटेनाशिवाय दुसरं भोक नाही. आमच्या केबलवाल्याकडे त्याचं जुनं मॉड्युलेटर पडलं होतं. आताच्या डब्यातलं चित्र ते जुन्या अँटेनाच्या वाटेनं पाठवतं. ते जोडलं, चॅनलचा खटका एकेक करून फिरवला, आणि मुंग्यांतून एक बाई बातम्या देताना निघाली. काळीपांढरी, थोडी थरथरती, पण नाकीडोळी नीटस. मी पेटी पॉलिश केली, शटरांना मेण लावलं आणि टीव्ही समोरच्या खोलीत त्याच्या जागी ठेवला. त्या दिवशी मी स्वतःवर जेवढी खूश होते तेवढी माझ्या लग्नातही नव्हते.

मंडईचा दिवस आला. घर सोयऱ्यांनी भरलं. समोरच्या खोलीत खुर्च्या, सतरंजी, माणसंच माणसं, आणि मधोमध टीव्ही चालू. माय मात्र नेहमीसारखी मागच्या दारानं आली आणि चुलीपाशी बसली. मी म्हटलं, "माय, चल समोर. तुले काही दाखवाचं आहे."

"मी अथीच बरी," ती म्हणाली आणि लसूण सोलायला घेतला.

"माय, तुहा टीव्ही चालू झाला."

तिचे हात थांबले. पण ती उठली नाही. "झाला असंल. तू केला म्हणून झाला. माल तं खराबच होता."

मी तिला ओढायलाच निघाले होते. तेवढ्यात काठीचा आवाज आला. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना खाली बसायला त्रास होतो, तरी त्या भिंतीला धरून वाकल्या आणि मायचा हात पकडला. लसणासकट पकडला.

"उठा, इहीणबाई."

माय गडबडून उठली. आत्याबाईंनी तिला तशीच समोरच्या खोलीत नेलं. टीव्हीपुढच्या खुर्चीत माझे मोठे नंदोई, थोरल्या नणंदेचे यजमान, पाय पसरून बसले होते. आत्याबाई म्हणाल्या, "ऊठ गा, हे इहीणबाईची जागा आहे." जावयाला असं कोणी उठवतं का? पण ते उठले. मायला बसवलं, आणि त्या काठी टेकून सगळ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"सगळे आयका. हा टीव्ही इहीणबाईनं चांगलाच देल्ला होता. माह्या पूजेच्या पाण्यानं बिघडला. मी इतके वर्स वाईट बोलली. थे खोटं होतं."

टीव्हीवर कुठलेसे साहेब धानावरच्या तुडतुड्याबद्दल बोलत होते. माय पडद्याकडे पाहत राहिली. तिचे ओठ हलत होते. मला भीती वाटली की ती रडेल. आणि ती एकदम म्हणाली, "अवो, मी तं त्या दुकानदाराले किती शिव्या देल्या! तुमसरले गेली की त्याच्या दुकानापुढं मुद्दाम थुकत होती वो मी!"

अख्खी खोली हसली. आत्याबाई हसता हसता खोकल्या. माय मात्र खरंच काळजीत होती. "थो तं मरूनही गेला असंल. आता माफी कोणाले मागू?"

हसणं ओसरल्यावर नंदोयांनी विचारलं, "पण सुधरवला कोण? नागपूरहून माणूस आणला का?"

"नागपूरचा कायले पायजे?" आत्याबाई म्हणाल्या. "माह्या सुनेनं केला."

मायनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि खुर्चीत ताठ बसली. "सून मांगून झाली, इहीणबाई. आधी थे माही पोरगी आहे."

"पोरगी तुमची. पण पेचकस धराले शिकली माह्या घरी."

"हात कोणाचे आहेत? बोटं पाहा तिचे. माह्यासारखे आहेत."

"अन् जिद्द? जिद्द कोणाची आहे?"

दोघीही माझ्यावरून भांडत होत्या आणि मायचा हात अजून आत्याबाईंच्या हातातच होता. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मला मध्ये बोलायचं होतं, पण त्यांचं भांडण मोडवेना, म्हणून मी सगळ्यांना चहा दिला.